न उघडणारं कपाट

प्रोग्राम चुकणार नाही हे गणिताने सिद्ध करणं हे तिचं काम, म्हणून ऑफिसात तिला मागून सिद्धताबाई म्हणत. प्रोग्राम चालवून चुका शोधणाऱ्या टेस्टर मंडळींबद्दल बाईंचं मत ठरलेलं होतं: शितावरून भाताची परीक्षा करणारी आणि वर स्वतःला आचारी म्हणवणारी माणसं.

काम एका इस्पितळातल्या औषधाच्या कपाटाचं होतं. त्यात तीन सॉफ्टवेअर एजंट, म्हणजे आपापलं काम स्वतःच करणारे प्रोग्राम. एक डोस सुचवणार, दुसरा तपासणार, तिसरा कपाट उघडणार. बाईंनी अट घातली की तपासणारा आणि उघडणारा यांनी एकमेकांचा होकार आल्याशिवाय हलायचं नाही. मग त्यांनी गणिताने सिद्ध केलं, की चुकीचा डोस बाहेर पडणं अशक्य आहे.

"आणि बरोबर डोस पडेल ना?" टेस्टरने मीटिंगमध्ये विचारलं.

"कपाट उघडतं का, हे बघायला सुतार पुरे," बाई म्हणाल्या. सगळे हसले. टेस्टरने मान खाली घातली आणि बाईंना बरं वाटलं.

कपाट बसलं त्याच आठवड्यात बाईंच्या वडिलांच्या खुब्याचं ऑपरेशन त्याच इस्पितळात झालं. बाई भेटायला गेल्या तेव्हा बाबा उशीचं टोक मुठीत धरून कण्हत होते. ज्यात त्यांचं दुखण्यावरचं औषध होतं, ते कपाट बंद होतं. स्क्रीनवर तपासणारा उघडणाऱ्याच्या होकाराची वाट पाहत होता आणि उघडणारा तपासणाऱ्याच्या. चूक मात्र एकही नव्हती. बंद कपाटातून कसली चूक बाहेर पडणार? नाकाने कांदे सोलणाऱ्या बाईंची सिद्धता अक्षरशः खरी ठरली होती.

सिस्टर दुसऱ्या वॉर्डातून इंजेक्शन घेऊन आल्या. "आजोबा, डॉक्टरांना विचारून आणलंय. हात द्या."

"नको," बाबा दात आवळून म्हणाले. "ते कपाट माझ्या लेकीने केलंय. उघडेल तेव्हा घेईन. तुम्हा लोकांना सिद्धता म्हणजे काय, ते कळायचं नाही."

तो सूर बाईंच्या ओळखीचा होता. घरी जेवताना रोज त्याच सुरात त्या टेस्टरची टर उडवायच्या आणि बाबा कौतुकाने ऐकायचे. बाईंना स्वतःची शिसारी आली.

"बाबा, घ्या इंजेक्शन. ते उघडणार नाही."

"सिद्ध केलंयस ना तू?"

"चुकणार नाही एवढंच केलंय. उघडेल की नाही, ते मी बघितलंच नाही."

बाबांनी सिस्टरपुढे हात केला आणि तोंड भिंतीकडे वळवलं.