मोडलेला ताण

संत्र्याला बहार यावा म्हणून गजेंद्रनं रामाकोना गावातली आपली बाग ताणावर सोडली होती. थंडीभर पाणी तोडायचं होतं; अर्ध्या थंडीतच पानं गळून झाडं उघडी पडलेली. तेवढ्यात निरोप आला, शेताशेताची निसर्गसंपत्ती मोजायला माणसं येणार. माती, झाडं, पाखरं, मधमाशा, सगळ्याचं मोल ठरणार. गजेंद्रनं त्याच दिवशी पाणी सोडलं.

“ताण मोडून राह्यला का बाबू?” त्याची माय शकुबाई धुऱ्याच्या बांधावरून ओरडली. “फुलं कुठून येतील मंग?”

“पुढच्या साली येतील. चार लोकायले उपाशी बाग दाखवू का मी?”

मोजणीवाली उर्वशी आली तेव्हा बाग नव्या पालवीनं झाकून गेली होती. साऱ्या शिवारात गजेंद्रच्याच बागेचं मोल जास्त भरलं. तो आठवडाभर मान ताठ करून फिरला.

मग बहाराचे दिवस आले. गावभर संत्र्याच्या फुलांचा वास सुटला, आणि उर्वशी मधमाशा मोजायला परत आली. ती बराच वेळ झाडांखाली उभी राहिली.

“काका, बाग एवढी हिरवीगार, मग माशा कुठं आहेत?”

गजेंद्रची मान खाली गेली. धुऱ्यापलीकडच्या फुललेल्या बागेतून माशांची गुणगुण ऐकू येत होती.