सात नंबरच्या गोलच्या जरा आधी

आमच्या कारखान्यात बर्फाच्या लाद्यांमध्ये खेळाडू येतात.

कारखाना हर्णै बंदराला लागून आहे. पत्र्याचे उंच डबे पाण्याने भरायचे, मिठाच्या पाण्याच्या टाकीत सोडायचे, गोठले की साखळीने वर काढून उलटे करायचे. लादी सुटते आणि ओल्या फरशीवरून घसरत येते. मी ती लांब दांड्याच्या आकड्याने वळवतो आणि क्रशरच्या तोंडात ढकलतो. चुरा पन्हाळीतून थेट बोटीत. एवढंच माझं काम.

पहिला आला तो गोलकीपर होता. वीतभर उंच. मास्क कपाळावर चढवून हातमोज्याने नाक पुसत होता. त्याच्यामागे जाळी, जाळीमागे माणसांनी भरलेला स्टँड. सगळं लादीत मावलं होतं.

मी त्याला लगेच ओळखलं. बर्फावरची हॉकी मी मोबाईलवर शिकलो. म्हणजे बघायला शिकलो. नियम कोणी सांगितले नाहीत, बघून बघून कळले. या गोलकीपरने एका फायनलमध्ये पोटावर आडवं पडून, मागे न बघता, चकती अडवली होती. चकती म्हणजे त्यांचा बॉल, काळ्या रबराची. ती क्लिप मला पाठ आहे. पण क्लिपमध्ये नाक पुसणं नाही. क्लिप त्यानंतर सुरू होते. म्हणजे त्याला सर्दी होती! सर्दी झालेल्या माणसाने ते केलं होतं. मी बघतच राहिलो.

"लादी कधी बघितली नाहीस काय?" हसनचाचा म्हणाले. कारखाना त्यांचा.

"आत गोलकीपर आहे, चाचा."

"असू दे. बोट थांबलेय."

मी ढकलली.

दुपारी क्लिप लावली. गोलकीपर जाग्यावर उभा. चकती कुठेच नाही. मग अचानक सगळा स्टँड उठतो, ओरडतो, टोप्या हवेत उडवतो. कशासाठी, ते कोणालाच माहीत नाही. टोप्या उडवणाऱ्यांनाही नाही. तोंडं बघितली की कळतं.

संध्याकाळी मासळीबाजारात माझी ताई टोपली पुढ्यात घेऊन बसली होती. शेवंताताई. बोट तिची आणि भावोजींची, त्या लादीचा चुरा त्यांच्याच बोटीत गेलेला.

"दिगू, या बांगड्यांना काय झालं रे? गिऱ्हाईक समोर बसलंय, आणि हे सगळे त्या तिकडे बघतायत."

मी वाकून बघितलं. सगळ्या टोपलीचे डोळे एकाच जागी लागले होते, तिच्या डाव्या खांद्याच्या मागे. क्लिपमध्ये चकती तिथूनच यायची.

त्यानंतर मी खेळाडूवाली लादी क्रशरला दिली नाही. भुसा टाकून मागच्या कोठीत उभी करायचो. एक जण दाताने चिकटपट्टी तोडून काठीला गुंडाळत होता. एक जण समोरच्या टीमच्या माणसाबरोबर गुडघ्यावर बसून त्याचा पडलेला दात शोधत होता. पुढच्याच क्षणी त्याने त्याच माणसाला चकवून गोल केला, तो गोल जगाला माहीत आहे. दात कोणाला माहीत नाही. ही माणसं इतकी साधी उभी असायची, की पुढे काय होणार आहे याची त्यांना काही गडबडच नव्हती.

लाद्या वाढल्या तशी कोठी लांब होत गेली. चाचा चहाचा ग्लास घेऊन शेवटच्या लादीपर्यंत जायला निघाले की पोचेपर्यंत चहा गार व्हायचा.

"कोठी वाढलेय," ते म्हणाले.

"हो."

"पत्रे पुरतील ना?"

मग सात नंबर आला.

त्याचा गोल सगळ्यांत मोठा. पडता पडता, गोलकडे पाठ, स्वतःच्या दोन पायांमधून मारलेला. क्लिप सुरू होते तेव्हा चकती त्याच्या काठीवर असते. ती आली कुठून, कोणी दिली, हे आजवर कोणी विचारलेलं मी ऐकलं नाही.

लादीत तो नुसता उभा होता. एक हातमोजा काखेत धरलेला. डावीकडे बघत होता. आणि डावीकडे, लादीच्या मधोमध, सगळं पांढरं.

त्याचं कारण असं. डब्यातलं पाणी कडेने गोठत आत जातं. मधला गाभा शेवटी गोठतो आणि सगळा गढूळपणा त्यात जमतो. म्हणून तो आधी नळीने उपसून चांगलं पाणी भरायचं असतं, तरच लादी काचेसारखी होते. या लादीच्या वेळी मी नळी हातात घेतली आणि लाईट गेली. गाभा तसाच गोठला.

लाईट परत आली नाही. टाकी कोमट झाली. बोटी येत राहिल्या. जनरेटर फक्त क्रशर ओढायचा. चाचांनी कोठी उघडली.

दात शोधणारे गेले. चिकटपट्टीवाला गेला. एकेक लादी गेली तशी कोठी आखडत आली, पत्रे कुरकुरत जवळ आले. माझ्या खिशातल्या मोबाईलमधून स्टँड पुन्हा पुन्हा उठल्याचा आवाज यायचा. मी बघितलं नाही.

शेवटी कोठीत मी आणि सात नंबर एवढेच मावत होतो. छप्पर डोक्याला लागत होतं.

दारात ताई आली. "दिगू, बोट भरून आलेय. तुझे भावोजी उन्हात उभे आहेत. काढ ती."

"ही नको, ताई."

"मग काय, बांगड्यांवर फुंकर घालत बसू?"

"ही फोडली तर सात नंबरचा गोल झालाच नाही असं होईल."

"झाला तेव्हा आपल्याला कोण पेढे वाटायला आलं होतं?"

ती वाकली. मासा घेताना कल्ला उचलून बघते तशी बघू लागली. बराच वेळ.

"वाट बघतोय हा कोणाची तरी."

"पास देणाऱ्याची."

"आणि तो कुठाय?"

"गाभ्यात. दिसत नाही."

तिने पदराने लादी पुसली. पांढरं थोडं विरलं. तिने डोळा लावला.

"आत कोणी नाही रे. मोकळं आहे. माणसाच्या आकाराचं. कमरेत वाकलेला, हातात लांब दांडा, पुढे वळलेला." मग तिने माझ्या हातातल्या आकड्याकडे बघितलं. "मेल्या, उभं राहायची तुझीच तऱ्हा ही."

बाहेर चाचांनी क्रशर चालू केला. फरशीला उतार आला. एरवी नसतो. लादी आपोआप कोठीतून सुटली आणि क्रशरकडे घसरायला लागली. मी आडवा गेलो, आकडा टेकवला, पण ती थांबली नाही. मी तिच्यासमोर होतो, मग तिच्यात होतो. जागा मोकळी होती, मी वाकून उभा राहिलो. बरोबर बसली.

आत गारवा लागत नाही. आवाज लांबून येतात. भिंतीपलीकडे ताईचं तोंड दिसतंय, घराएवढं.

"चाचा, थांबा! दिगू आत आहे."

"असू दे. बोट थांबलेय."

"अहो, मासा सडला तर सडू दे, थांबवा ते!"

ताईने असं म्हटलेलं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. चाचा काहीतरी म्हणाले, ते खडखडाटात गेलं. खडखडाट माझ्या पाठीमागे आहे आणि जवळ येतोय. ताईचे दोन्ही तळवे भिंतीवर आले.

समोर सात नंबर आहे. माझ्याएवढाच उंच. त्याने काखेतला हातमोजा काढला आणि सावकाश घातला, एकेक बोट. नंतर माझ्याकडे बघितलं. इतक्या भरवशाने माझ्याकडे कोणी कधी बघितलेलं नाही. चकती कडेच्या फळीवर आपटून माझ्याकडे येतेय, काळी, अगदी सपाट, आवाज न करता. मी आकडा वळवून धरलाय.

चकती अजून पोचली नाही, आणि सगळा स्टँड उभा राहिला.