थंड पाऊल

नवऱ्याच्या डाव्या पायाची रक्तवाहिनी तुंबलेली होती, तोवर तिचे दिवस बरे चालले होते. तो दारापर्यंत जायचा आणि पोटरी धरून मटकन बसायचा. ती लॉन्ड्रीत इस्त्री करायला निर्धास्त निघून जायची.

मग डॉक्टरांनी जांघेतून बारीक नळी घालून रक्तवाहिनी उघडली, आत जाळी बसवली. घरी सोडताना तिलाच बजावलं, "जाळी पुन्हा बुजू शकते. चालताना पेटके आले, पाऊल थंड पडलं, तर लगेच घेऊन या."

नवरा चालता झाला आणि रोज तिच्या मागोमाग लॉन्ड्रीपर्यंत येऊ लागला. समोरच्या फुटपाथवर उभा राहून काचेतून बघायचा. ती मालकाशी दोन शब्द बोलली, तरी संध्याकाळी थोबाडीत बसायची. "पाय चांगला झालाय म्हटलं माझा," तो म्हणायचा. "आता कुठं पळशील?"

काही वर्षांनी तो मधेच थांबायला लागला. आधी लॉन्ड्रीच्या अलीकडे, मग औषधांच्या दुकानापाशी, पुढे पुढे तर जिन्याखालीच. ती वळून बघायची आणि चालू लागायची. भाजी घ्यायच्या निमित्ताने लांबच्या वाटेने यायची. अंगावर मांस चढलं तिच्या.

"अगं, पाऊल बघ जरा," तो एकदा म्हणाला. "गार पडलंय."

तिने हात लावला. पाऊल पांढरंफटक होतं, अंगठा काळवंडला होता.

"गारठा आहे ना," ती म्हणाली. "मोजे घाला."

"डॉक्टरकडे जाऊ या का?"

"जाऊ की. मला सुट्टी मिळू दे."

तिने सुट्टी मागितलीच नाही. शेवटी लग्न झालेली मुलगी भेटायला आली, तिने दारातच नाकाला पदर लावला. "आई, कसला वास हा?" तिनेच बापाला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पुन्हा नळी घालून पाहिली, पण फार उशीर झाला होता. पाय गुडघ्याच्या वर कापला.

"तुला डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं?" मुलीने विचारलं.

"हो."

"मग आता तूच निस्तर." मुलगी गेली ती परत फिरकली नाही.

लॉन्ड्री सुटली. त्याला उचलायचं, धुवायचं, भांडं द्यायचं, सगळं तिच्यावरच आलं. ती नळाशी गेली तरी आतून हाक यायची.

"मुद्दाम केलंस ना?" एकदा पाठ पुसून घेताना त्याने विचारलं.

"हो. कूस बदला."

त्याने अंग सैल सोडलं. तिने दोन्ही हातांनी ओढून त्याला वळवलं. ती भिंतीला टेकून धापा टाकत होती, आणि तो उशीत तोंड खुपसून हसत होता.