खोटे बोलणारी फळी

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. एमेंटालच्या डोंगरात एका शेतघराच्या चुलीमागच्या खोलीत, भिंतीला लागून जी शेवटची फळी दिसते ती मी. माझ्या शेजारणींना खिळे ठोकून पक्के केले आहे. मला एकही खिळा नाही. पाहुण्याच्या हे लक्षात येऊ नये म्हणून माझ्या अंगावर खिळ्यांची नुसती डोकी बसवली आहेत. म्हणजे जमिनीत बसले त्या दिवसापासून मला सोंगच वठवायचे होते.

मी फरच्या झाडाची. या घराचा मालक योस्ट, त्याने मला वरच्या उतारावरून ओढून आणले, रंधा मारला आणि पोटाखाली एक आडवा लाकडी खुंटा बसवला. भिंतीकडचे टोक टाचेने दाबले की माझे दुसरे टोक वर उठते. खाली एक खड्डा आहे. त्यात एक माणूस उताणा मावतो, पण त्याला कुशीवर वळता येत नाही. माझ्या कडांना इतके गच्च शेवाळ कोंबले आहे की मी बंद असले की आतली हाक वर पोचत नाही. आतल्याला मात्र वरचे बहुतेक सगळे कळते, कारण बोलणारे माझ्यावरच उभे असतात.

आता फळीखाली माणूस का ठेवायचा, ते सांगते.

योस्ट आणि त्याची बायको मादले टॉयफर होते. हे नाव दरीतल्या लोकांनी चिडवायला ठेवलेले, म्हणजे पाणी घालणारे. योस्टच्या पणजोबांच्याही आधी झ्युरिक शहरात काही तरुणांच्या मनात आले की तान्ह्या बाळाला काय कळते? बाप्तिस्मा मोठ्या माणसाने समजून-उमजून, स्वतःच्या तोंडाने मागितला पाहिजे. म्हणून त्यांनी एका घरात जमून एकमेकांच्या डोक्यावर पाणी घातले. केले ते एवढेच. पण ज्याचा धर्म तान्हेपणी पाळण्यातच ठरत नाही तो उद्या हुकूम तरी कशाला ऐकेल, अशी धास्ती राज्यकर्त्यांनी घेतली. टॉयफर सरकारी चर्चमध्ये जाईनात, तलवार उचलीनात, शपथ घेईनात. आमचे होय म्हणजे होय आणि नाही म्हणजे नाही, त्यावर शपथ कशाला, असे ते म्हणायचे. मग त्यांना हद्दपार करणे आले, गलबतांच्या वल्ह्यांना जखडणे आले, आणि त्यांना हुडकून काढायला शिकारी नेमले गेले.

योस्टची आई ट्रिनी मात्र टॉयफर नव्हती. ती दर रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसायची आणि प्रवचनभर डुलक्या काढायची. शिकारी येऊन गेले की तीच माझ्यावर टाच मारायची. मग योस्ट कंबर चोळत बाहेर यायचा आणि माझ्याकडे बघून खट्टू व्हायचा.

"आई, मी खोटं बोलत नाही. पण ही फळी माझ्या वतीनं रोज बोलते."

"मग बोलू दे की तिला. तिचा कुठे बाप्तिस्मा झालाय?"

मादलेला हसू आवरायचे नाही. योस्टही हसायचा, पण मला बरे वाटायचे नाही. सगळ्या घरात लबाडीचे काम तेवढे माझ्या वाट्याला आले होते आणि मला जागचे हलताही येत नव्हते.

एका सकाळी शिकाऱ्यांचा म्होरक्या दुर्स दोन माणसे घेऊन आला. हा दुर्स खालच्या गावचा, योस्टबरोबर गुरे राखत वाढलेला. योस्ट आत पडला होता. दुर्स येऊन नेमका माझ्यावर उभा राहिला. त्याच्या बुटांचा चिखल मला आजही आठवतो.

"मादले, मला घर उपसायचं नाही," तो म्हणाला. "माझे गुडघे गेलेत. तू नुसतं म्हण, योस्ट घरात नाही. टॉयफर खोटं बोलत नाहीत हे वरच्या साहेबांनाही ठाऊक आहे. तुझा शब्द त्यांना सांगतो आणि आल्या पावली जातो."

"नाही घरात!" ट्रिनी चुलीजवळून ओरडली. "ऐकलंस? आता लाग चालायला."

"ट्रिनीकाकू, गेल्या जत्रेत तुम्ही मला आंधळी शेळी डोळस म्हणून विकलीत. तुम्ही गप्प बसा."

"आंधळी नव्हती. लाजाळू होती."

त्याची माणसे हसली. मादले हसली नाही. तिने एप्रनचे टोक मुठीत धरले होते. तिला सुटायला एक शब्द पुरे होता, आणि तो शब्द दुर्स स्वतःहून तिच्या हातात ठेवत होता.

"अगं, बोल ना!" ट्रिनी तिच्या कानाशी फणफणली. "जीभ झडणार आहे का तुझी?"

"आई, तो शब्द माझ्याजवळ नाही हो."

"मग होय तरी म्हण," दुर्स म्हणाला. मादले गप्प. त्याने सुस्कारा सोडला. "मला रिकाम्या हातानं जाता येत नाही. चल मग. तूच चल."

हे योस्टने ऐकले आणि खालून मला रेटा दिला. माझे टोक केसभर वर उठले. दुर्स माझ्यावरून उतरून दाराकडे वळला होता, त्याने ते पाहिले नाही; ट्रिनीने पाहिले. "पाय गेले गं माझे!" असे म्हणत तिने त्या टोकावर बसकण मारली.

मित्रांनो, लाकडालाही जीव कोंडल्यासारखे होते. वरून आईचे ओझे आणि खालून लेकाचे गुडघे. ती दाबत होती त्याला वाचवायला, तो रेटत होता बायकोला सोडवायला, आणि मी मधे. कोणाचे ऐकावे ते मला कळेना. माझा खुंटा करकरला. ट्रिनी खोकून खोकून तो आवाज झाकत राहिली. शेवटी योस्टने पाठ लावून असा जोर केला की म्हातारी बाजूला कलंडली आणि फटीतून आवाज आला.

"मी इथे आहे."

तो वर आला. आधी त्याने आईला उठवले, तिच्या घागऱ्याची धूळ झटकली. दुर्स त्याच्याकडे बघेनाच.

"मूर्खा," तो म्हणाला, "ती तोंड उघडत नव्हती, तू कशाला उघडलंस?"

"तू तिला नेत होतास, दुर्स."

दुर्सने एकट्या योस्टलाच नेले. त्याला दक्षिणेकडे, समुद्रावरच्या गलबतांवर धाडल्याचे नंतर कळले. तिथून कोणाचा निरोप येत नाही. त्याचाही आला नाही.

ट्रिनीने मादलेशी बोलणे टाकले. एकाच चुलीवर दोघी स्वयंपाक करायच्या आणि दोघींच्या मधे नुसता धूर. बर्फ वितळायला लागल्यावर ट्रिनीने एकदा सलगम चिरता चिरता सुरी खाली ठेवली.

"त्या दिवशी तू नाही म्हणाली असतीस तर तो आज इथं असता."

"इथं असता, आई. पण माझ्या खोट्याखाली त्याला झोप लागली नसती. आणि मला त्याच्याकडे बघता आलं नसतं."

ट्रिनीने सुरी परत उचलली. मग म्हणाली, "त्याचा बापही असाच होता. बैल विकताना स्वतःच त्याची खोड सांगायचा, मेला." आणि ती रडली. योस्ट गेल्यापासून मी तिला प्रथमच रडताना ऐकले.

पुढच्या रविवारी चर्चमधला पुढचा बाक रिकामा राहिला. ट्रिनी सुनेचा हात धरून जंगलातल्या बैठकीला गेली. तिथे टॉयफर झाडांखाली दाटीवाटीने बसून प्रार्थना करायचे. तिथून आली की ती मादलेला प्रश्न विचारून भंडावून सोडायची. शत्रूवर प्रेम करायचे म्हणजे दुर्सवरही का? त्याला शेळीचे पैसे परत द्यायचे का? उन्हाळा आला तोवर तिला टॉयफरांची गाणी पाठ झाली होती आणि ती मला पुसतानाही ती गुणगुणायची. मादलेला राहवेना.

"आई, तुमच्या मनात आहे ना? मग पाणी मागत का नाही?"

"मागेन."

"कधी?"

"अगं, पाणी डोक्यावर पडलं की जीभ बांधली गेली. मग दुर्स आला तर नाही कोण म्हणणार? तू?" तिने ओल्या फडक्याने माझ्यावर फटका मारला. "घरात एक तरी खोटारडी हवी. एक ही, आणि एक मी."

"आणि त्याआधीच तुमचं काही बरंवाईट झालं तर?"

"तर देवाला सांगेन, सून लपवत होते. त्याचं माझं मी बघून घेईन."

ती हे हसत म्हणाली, पण त्या पाण्यावाचून आपण स्वर्गाच्या दाराबाहेरच राहणार, असे तिला मनापासून वाटत होते. तरीही ती बाहेर थांबली. कोणी माझ्याबरोबरीने स्वतःला बसवेल असे मला कधी वाटले नव्हते. त्या दिवशी मला माझी लाज वाटली नाही.

गवत कापणीच्या दिवसांत ट्रिनीला खिडकीतून दुर्स चढ चढताना दिसला. या खेपेला तो मादलेसाठी येत होता. ट्रिनीने माझ्यावर टाच मारली. आत उतरताना मादले म्हणाली, "आई, तुम्हाला हात लावला तर मी वर येईन हं. आधीच सांगून ठेवते."

"ये, ये," ट्रिनी म्हणाली. मी बंद झाले. लगेच तिने पिठाची पेटी खरडत आणून माझ्या उठायच्या टोकावर ठेवली आणि शेजारी बसून लोणी घुसळायला घेतले.

"काकू, मादले आहे घरात?"

"नाही."

"तुमच्या नाहीचं मी काय करू, सांगा?" दुर्स दमून म्हणाला. त्याच्या माणसांनी लोखंडी टोकाच्या काठ्या जमिनीवर आपटायला सुरुवात केली. माझ्या शेजारणी भरीव वाजत होत्या. मी पोकळ वाजणार होते. काठ्या एकेक फळी पुढे सरकत होत्या आणि मला श्वास असता तर तो मी रोखून धरला असता.

ट्रिनीचे घुसळणे थांबले. "थांब दुर्स. मी हल्ली कुठं जाते ते तुझ्या कानावर आलंच असेल."

"आलंय. म्हातारपणी भलतं खूळ."

"मग आज तू कोणाला विचारतोयस? मी टॉयफर आहे."

काठ्या जागच्या जागी थांबल्या.

"काकू, शब्द मागे घ्या. मी काही ऐकलं नाही. तुमच्या वयाला तो तुरुंग झेपायचा नाही."

"मी टॉयफर आहे, आणि मादले घरात नाही."

दोन्ही गोष्टी खोट्या होत्या. तिच्या डोक्यावर पाण्याचा थेंब पडला नव्हता आणि मादले तिच्या पायांखाली होती. पण शेळीच्या बाबतीत जिच्यावर विश्वास टाकता आला नाही, तिच्या या शब्दावर दुर्सने टाकला. त्याने माणसांना काठ्या उचलायला सांगितल्या. मग त्याने ट्रिनीची शाल शोधून तिच्या खांद्यावर घातली आणि उतारावर आधार द्यायला आपला हात पुढे केला. ट्रिनी तो धरून निघाली. जाताना तिने माझ्याकडे वळून पाहिले नाही.

खाली मादले मुठी आपटत होती. योस्टचेच शब्द ओरडत होती, "मी इथे आहे! मी इथे आहे!" माझ्या पोटावर ते शब्द आदळत होते आणि मला ते बाहेर सोडता येत नव्हते. एकदा तरी वर उठावे म्हणून मीही धडपडले. पण पेटी जड होती. मला माणसांना लपवायला केले होते. त्या दिवशी मी एका माणसाला कोंडले.

संध्याकाळी गाय हंबरत राहिली म्हणून शेजारची बार्बली आली. पेटी भलत्याच जागी बघून तिने ती ढकलली आणि मादलेला वर ओढले. मादलेने तिला झाले ते सांगितले आणि ती तशीच तुरुंग होता त्या शहराकडे निघाली. बार्बलीने तिला उंबऱ्यावर अडवले.

"कुठं निघालीस? स्वतःला हवाली करायला? मग म्हातारीचं खोटं उघडं पडेल आणि दोघीही आत जाल. तिला एवढं तरी करू दे, बाई!"

मादले दाराला टेकून बसली. दुसऱ्या दिवशी ती डोंगरापलीकडे, आल्सासच्या वाटेला लागली; त्या मुलखात इथल्या शिकाऱ्यांचा हुकूम चालत नव्हता. घर बार्बलीने सांभाळले.

पुढची हकिगत थंडीत कळली. ट्रिनीच्या कोठडीत असलेली एक बाई सुटून घरी चालली होती. बार्बलीने तिला सूप पाजायला या खोलीत बसवले. साहेबांनी ट्रिनीला सांगितले होते, मी टॉयफर नाही अशी शपथ घे आणि घरी जा. ती शपथ अगदी खरी ठरली असती. पण मग तिच्या "नाही"ला किंमत उरली नसती आणि शिकारी पुन्हा मादलेच्या मागावर सुटले असते. म्हणून तिने शपथ घेतली नाही. ती तिथेच बसून राहिली आणि कोठडीत येणाऱ्या प्रत्येक बाईला एकच विचारत राहिली, आमची मादले पलीकडे पोचली का?

"बरेच दिवस कोणाला ठाऊक नव्हतं," ती बाई म्हणाली. "मग आल्सासकडून परतताना धरलेली एक जण आली. म्हणाली, मादलेच्या हातची भाकरी खाऊन आलेय. म्हातारीनं तिला तीनतीनदा विचारलं, खात्री आहे ना? नंतर तिनं डोक्यावरची टोपी काढली, आमचा पाणी प्यायचा पेला उचलला आणि माझ्या हातात दिला. म्हणाली, आता घाल. आता मला खोटं बोलायचं काम उरलं नाही."

बार्बलीने सुपाची वाटी खाली ठेवली. दोघीही रडल्या.

ट्रिनी त्या कोठडीतून परत आली नाही. मित्रांनो, मला तेल लावा, मला जपा, असे मी म्हणणार नाही. मागणे एकच आहे. कोणाच्या घरात उभे राहून असा प्रश्न कधी विचारू नका, ज्याचे खरे उत्तर दिले तर त्या घरातले एक माणूस कमी होते.