अर्ज पोटात असताना मी वाजलो

एक होता सुतार, एक होती त्याची लेक, एक होता लेकीचा नवरा, आणि सुताराच्या हातून उतरलेला एक होतो मी. मी बाक बोलतोय. देशाच्या सभागृहात डावीकडे तिसऱ्या रांगेत माझी जागा होती. जागा मानाची, पण तिथं राहून मी जे केलं ते सांगायची लाज वाटते. तरी सांगतो. पोटात ठेवून ठेवून काय होतं ते मी पाहिलंय.

सुतारानं मला जुन्या दारांच्या लाकडातून घडवलं. बसायला एक फळी, पुढं लिहायला एक, आणि लिहायच्या फळीखाली कागद ठेवायला पोकळ खण. काम संपल्यावर त्यानं बोटांनी टकटक केली नि कान लावला.

"आवाज बघ कसा घुमतोय," तो लेकीला म्हणाला. "हा कधी खोटं बोलायचा नाही."

बापाला आपलं लेकरू चांगलंच दिसतं.

पुढं लेक त्याच सभागृहात पुसापुशीच्या कामाला लागली. बाकीची बाकं ती ओल्या फडक्यानं भराभर पुसायची. माझ्यापाशी आली की पदराला हात पुसून सुकं फडकं घ्यायची. "हा आमच्या घरचा," म्हणायची.

सभागृहात जोर एकाच पक्षाचा, पण त्या पक्षात गट दोन. राष्ट्राध्यक्षांच्या मर्जीतले ते थोरले, रुसलेले ते धाकटे. माझ्यावर बसायचे ते तात्या. तात्या धाकट्यांत जेवायचे आणि थोरल्यांत हात धुवायचे. माणूस वाईट नव्हता, पण कणा असा की कुठल्याही खुर्चीत बसावा.

वर्षातून एकदा राष्ट्राध्यक्ष येऊन मोठं भाषण करायचे. ते चालू असताना बाकं वाजवायची रीत होती. आवडलं की हाताचा पंजा फळीवर आपटायचा. आधी म्हणे लोक मनापासून वाजवत. पण दोन गट झाल्यापासून कोण किती वाजवतो यावर कोण कुणाचा ते ठरायला लागलं. प्रत्येक गटाचा एक प्रतोद असतो, कधी उठायचं, कधी बसायचं सांगणारा. तो वरच्या सज्जात उभा राहून बघायचा, कुणाचा हात उठला, कुणाचा नाही. मग प्रतोदांनी चिठ्ठ्याच वाटायला सुरुवात केली. भाषणाचा परिच्छेद संपला की वाजवा. थोरल्यांची चिठ्ठी तशी, म्हणून धाकट्यांचीही तशीच. आपण कमी पडलो असं दिसायला नको. परिच्छेदात काय आहे हे चिठ्ठीत नसायचं.

त्या वर्षी भाषणाच्या अठरा दिवस आधी नदीवरचा नवा पूल बांधता बांधता कोसळला. लेकीचा नवरा त्याच पुलावर लोखंड जोडायच्या कामाला होता. बावीस माणसं सापडली, सगळी गेलेली. तो मात्र मेलेल्यांत सापडला नाही आणि जिवंतांतही नाही. चौथ्या दिवशी शोध थांबवला, यादी बंद केली.

लेकीनं तात्यांना गाठलं. हातात एक अर्ज, तिनं स्वतः लिहिलेला.

"तात्या, एवढंच विचारायचंय. नदीच्या खालच्या अंगाला गावं आहेत, दवाखाने आहेत. तिथं कुणी चौकशीच केली नाही. मी जाऊन आले, तर म्हणतात सरकारी पत्र आणा, त्याशिवाय आत सोडत नाही."

"आण इकडे," तात्या म्हणाले. "भाषणावर आभाराची चर्चा असते ना, तीत वाचतो. शब्द दिला."

आणि त्यांनी तो अर्ज माझ्या खणात ठेवला. मला वाटलं, आता काम झालं. मी अगदी जपून होतो त्या कागदाला.

भाषणाचा दिवस आला. लेक दाराशी उभी होती, फडकं हातात. तिला तिथं उभं राहायची परवानगी नव्हती, पण पहारेकऱ्यानं पाठ फिरवली. शेतीचं झालं, वाजलं. शाळांचं झालं, वाजलं. मग राष्ट्राध्यक्ष म्हणाले, पुलाच्या अपघातात बावीस कामगार दगावले, शोधकार्य पूर्ण झालं आहे.

परिच्छेद संपला. ते पाणी प्यायला थांबले.

थोरल्यांनी वाजवलं. ते वाजवतात म्हणून धाकट्यांनी दुप्पट वाजवलं. तात्यांनी एकदा सज्जाकडं पाहिलं आणि दोन्ही पंजे माझ्यावर आपटले. माझ्या पोटात तो अर्ज प्रत्येक थापेला उडत होता. सुतारानं मला घुमायलाच शिकवलं होतं. मी घुमलो. सगळ्यांत मोठा आवाज माझा.

दाराशी कुणी नव्हतं मग.

संध्याकाळी ती पुसायला आली. सगळी बाकं पुसली. मला नाही पुसलं.

दुसऱ्या सकाळी चर्चेआधी सुताराला बोलावणं आलं. माझी फळी थापांनी उकलली होती. त्यानं खणात हात घातला, अर्ज निघाला. लेकीचं अक्षर त्यानं ओळखलं.  एवढंच म्हणाला, "खोटं बोलायचा नाही म्हणालो होतो मी."

मला तोंड असतं तर लपवलं असतं.

त्यानं चीर बुजवली. खणाच्या छताला आतून जाड कापडाच्या तीन घड्या चिकटवल्या, आवाज मरावा म्हणून. मग डब्यातला सरस काढला, अर्जाच्या पाठीला लावला, आणि तात्यांचा हात जिथं पडायचा नेमका तिथं फळीवर चिकटवून टाकला. हातानं सारखा केला, हत्यारं गोळा केली आणि गेला.

चर्चा सुरू झाली. थोरल्यांच्या पुढाऱ्यानं आभार मानले, धाकट्यांच्यानं त्याहून गोड मानले. सज्जातून बोट हललं. तात्यांनी पंजा उचलला आणि खाली पाहिलं. पंजा वरच राहिला. त्यांनी नखानं कागदाचा कोपरा उकरून पाहिला. सरस सुताराचा होता.

"तात्या, वाजवा की," शेजारचा कुजबुजला. "वरून बघतायत."

"कशावर वाजवू?" तात्या म्हणाले.

त्यांचं नाव पुकारलं गेलं. आभाराचं भाषण त्यांच्या खिशात होतं, ते खिशातच राहिलं. माझ्यावर वाकून, अडखळत, त्यांनी वाचलं: "माझे पती गेले असतील तर तसं सांगा. नसतील तर शोधा. तुम्ही यावर बाकं वाजवाल, हे हा अर्ज लिहिताना मला माहीत नव्हतं." शेवटचं वाक्य अर्जात नव्हतं. ते तात्यांनी घातलं.

सभागृहात सगळे एकमेकांकडं बघायला लागले. मग थोरल्यांना वाटलं, हा धाकट्यांचा डाव, आपण मागं राहायला नको. धाकट्यांना वाटलं, थोरल्यांनी आतून परवानगी दिलेली दिसते, आपण आधी उठू. दोन्हीकडचे एकदम उभे राहिले आणि एकच मागणी करायला लागले, शोध पुन्हा सुरू करा. लाज कुणाला वाटली, कुणाला नाही, देव जाणे. पण त्याच दुपारी सरकारी पत्रं निघाली.

नवव्या दिवशी खालच्या अंगाच्या एका दवाखान्यातून उत्तर आलं. अनोळखी पुरुष, डोक्याला मार, पाय मोडलेला, वाचा गेलेली, डाव्या दंडावर भाजल्याचा डाग. डागाचं ऐकताच लेकीनं ओळखलं. "माझ्याच हातून गरम पाणी सांडलं होतं," म्हणाली आणि रडता रडता हसली.

मला नंतर कुणी ठेवून घेतलं नाही. अर्ज निघेना, आवाज येईना, अशा बाकाचं सभागृहाला काय काम? सुतारानं मला मागून घेतलं आणि घरी आणलं. अर्जाचे तुकडे अजून आहेत माझ्या फळीवर.

आता जावई माझ्यावर पाय लांब करून बसतो. शब्द एकेक करून परत येतायत, अजून पुरते नाहीत. म्हणून हाक मारायची झाली की तो माझ्या पायावर, जिथं कापड नाही तिथं, बोटांनी दोनदा टकटक करतो. दर वेळी मला तो दिवस आठवतो आणि वाटतं, वाजूच नये.

मग आतून आवाज येतो, "आले हो, आले." आणि ती येते, सुकं फडकं खांद्यावर टाकून.