अक्काचा उखाणा

सकाळपासून अक्काचा चेहरा निळा होता. कपाळावरचं कुंकूही निळं, ओठ निळे. साडी तेवढी जिथल्या तिथे हिरवी होती. तरी पद्मनाभ खुशीत होता, कारण काल याच चेहऱ्याच्या आडव्या पट्ट्या पडल्या होत्या आणि परवा तर तिथे नुसती वाळू दिसत होती. त्या मानाने निळी अक्का म्हणजे प्रगतीच होती.

"लाल आणि निळ्याची अदलाबदल झालीय," शेजारच्या खुर्चीवरून सुचेता म्हणाली. ती पुण्याहून नुकतीच आलेली, बोलायला चटपटीत. पद्मनाभने मान डोलावली, प्रोग्रॅममधल्या दोन ओळी फिरवल्या आणि पडद्यावरची अक्का पुन्हा गोरी-गव्हाळ झाली. त्याने खुर्चीत मागे रेलून एक जांभई दिली. सख्ख्या बहिणीला माणसात आणल्याचा आनंद एवढाच.

शहराबाहेर बोम्मसंद्र्याला पत्रे कापायच्या एका कारखान्याच्या वरच्या मजल्यावर त्यांची कंपनी होती. काम जर्मनीतल्या एका गिऱ्हाइकाचं. व्हिडिओ टेपवरची चित्रं कॉम्प्युटरमध्ये घ्यायची आणि त्यांचा साचा बदलायचा. टेपवरून येणाऱ्या चित्रात उजेड वेगळा असतो आणि रंग वेगळा. रंग तर दोन-दोन ठिपक्यांत मिळून एकच, कारण माणसाच्या डोळ्याला तेवढ्यात चालतं. गिऱ्हाइकाला मात्र प्रत्येक ठिपक्याचा लाल, हिरवा, निळा असा स्वतंत्र हिशेब हवा होता. पण कंपनीकडचं चित्र उचलणारं कार्ड पळती टेप पकडू शकत नसे. म्हणून व्हीसीआर थांबवायचा, एक चित्र उचलायचं, टेप केसभर पुढे सरकवायची, पुन्हा थांबवायचा. आवाजाचं काम पुढच्या टप्प्यात होतं. तसाही थांबलेल्या टेपला आवाज नसतो.

चाचणीसाठी अवघड चित्र पाहिजे होतं. भडक रंग, जवळजवळचे काठ, हलते हात. पद्मनाभला आठवली भावजींच्या साठीशांतीची कॅसेट. ती त्याच्याच बॅगेत पडली होती.

आई गेली तेव्हा पद्मनाभ शाळेतही जात नव्हता. कस्तुरीअक्का त्याच्यापेक्षा खूप मोठी. लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला, के. आर. पुरमला गेली ती भावाला बरोबर घेऊनच गेली. नवरा गुंडोराव, म्हणजे भावजी, टेलिफोनच्या कारखान्यात. त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही. त्यांना मूल झालं नाही आणि पद्मनाभ आहे म्हटल्यावर त्या गोष्टीची कुणी फार चर्चाही केली नाही. पद्मनाभ शिकला, नोकरीला लागला, आणि जायच्या-यायच्या त्रासाला कंटाळून कंपनीजवळ खोली घेऊन राहिला. रविवारी घरी येईन म्हणाला होता. काही रविवार आलाही.

साठीशांतीला बायकांनी अक्काला घेरलं होतं. नाव घे, नाव घे. अक्काने उभ्या जन्मात नवऱ्याचं नाव उच्चारलं नव्हतं. पोस्टमनने विचारलं तरी ती दारावरच्या पाटीकडे बोट करायची. लग्नात घेतलं असेल तेवढंच. त्या दिवशी लाजत, पदर सावरत तिने कॅमेऱ्याकडे पाहून उखाणा घेतला, आणि नेमका तेव्हाच नादस्वर वाजवणाऱ्यांना हुरूप आला. शेजारी पाटावर बसलेल्या भावजींना ओठ हललेले दिसले, ऐकू काही आलं नाही. पलीकडच्या बायका हसल्या. पण काय म्हणाली ते त्यांनाही धड सांगता येईना. एकीला जाईचा वेल आठवत होता, दुसरीला मोगऱ्याचा. कॅमेरावाल्याचा माईक तेवढा तिच्या तोंडापाशी होता.

घरी आल्यावर भावजींनी दहादा विचारलं. अक्का दाद देईना. "कॅसेटीत आहे की. त्यात ऐका, सावकाश," म्हणायची. घरी व्हीसीआर नव्हता. पद्मनाभ म्हणाला, मी ऑफिसात याची सीडी करून आणतो, मग कॅसेट खराब व्हायची भीतीच नाही. आणि तो कॅसेट घेऊन गेला.

उखाण्याचा तो तुकडा चाचणीला फारच सोयीचा निघाला. हिरवी साडी, लाल काठ, पांढरा गजरा, वर येणारा हात. पद्मनाभ दिवसचे दिवस त्या तुकड्यावर टेप थांबवून बसे. अक्काच्या कानातल्या कुडीचा लाल खडा नाकापर्यंत पसरतोय का, ओठांच्या कडेला हिरवी झाक येते का, हे तो भिंगातून बघे. ऑफिसात सगळे त्या चित्राला 'ग्रीन साडी' म्हणत. तोही म्हणू लागला.

"पद्मनाभ, या उखाणा घेतायत ना रे?" सुचेताने एकदा विचारलं. "एकदा सरळ प्ले कर ना, मला ऐकायचाय. आमच्याकडे माझी आत्या काय भन्नाट घ्यायची!"

स्पीकर लावलेले नव्हते, वायर दुसऱ्या टेबलाकडे होती, आणि खाली पत्रे कापणं चालू होतं. पद्मनाभ म्हणाला, हे एवढं रंगाचं होऊ दे, मग ऐकवतो. सुचेताही पुढे विसरली. वायर आणायला कितीसा वेळ लागला असता?

व्हीसीआर थांबवला की टेप थांबते, पण आतलं गोल हेड फिरतच राहतं, आणि टेपच्या त्याच जागी घासत राहतं. हे पद्मनाभला ठाऊक होतं. त्याच्या शिक्षणातच ते आलं होतं. पण टेप म्हणजे त्याला चित्रं उचलायची जागा. चित्रं तर उचलून झाली होती. एका दुपारी चुरगळलेली टेप मशीनमध्ये गुंतली. त्याने ती हलक्या हाताने सोडवली, गुंडाळी झालेला तुकडा ब्लेडने कापला, दोन्ही टोकं चिकटपट्टीने जोडली आणि कापलेला तुकडा टोपलीत टाकला. सुचेताने विचारलं, काही गेलं का? तो म्हणाला, छे, तेवढं सगळं डिस्कवर आहे.

पुढच्या महिन्यात अक्का गेली. सकाळी दारात रांगोळी घालून आत आली, भावजींना कॉफी दिली, स्वयंपाकघरात जाऊन खाली बसली, ती उठलीच नाही. पद्मनाभ पोचला तेव्हा रांगोळी माणसांच्या येण्याजाण्याने पुसली होती. कितीतरी रविवार तो आला नव्हता. डिलिव्हरी जवळ आली आहे, हे कारण त्याने प्रत्येक वेळी फोनवर सांगितलं होतं, आणि अक्का प्रत्येक वेळी "सरी, सरी, बरं, काम बघ" म्हणाली होती.

तेराव्याच्या जेवणानंतर माणसं पांगली. भावजी व्हरांड्यात बसले होते. त्यांनी पद्मनाभला जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाले, "पदू, ती कॅसेट आण रे. शेजारी कल्लाप्पाकडं मशीन आलंय. आता ऐकतो."

पद्मनाभला पहिल्यांदा फक्त एवढंच वाटलं, की हो, द्यायची राहिलीच. आणि मग त्याला ब्लेड आठवलं. टोपली आठवली.

दुसऱ्याच दिवशी तो कॅमेरावाल्याकडे गेला. कॅमेरावाल्याने मूळ टेपवर तोवर बरीच लग्नं चढवली होती. ऑफिसातली टोपली तर केव्हाच रिकामी झालेली. कल्लाप्पाकडे कॅसेट लावायचं धाडस पद्मनाभला झालं नाही. तिथे अक्का पदर सावरणार, आणि एकदम पंगतीतली पानं दिसणार. त्याने भावजींना सांगितलं की तुम्हीच ऑफिसात चला, मोठ्या पडद्यावर दाखवतो. आवाजाचं तेवढं त्याच्या तोंडून निघालं नाही.

शनिवारी दुपारी भावजी आले. इस्त्रीचा शर्ट, डोक्याला काळी टोपी. कारखाना बंद होता, त्यामुळे इमारतीत कधी नव्हे ती शांतता होती. सुचेता कामाला आलेली होती; तिने खुर्ची ओढून दिली, पाणी आणलं, आणि काय चाललंय ते ओळखून दाराशी जाऊन उभी राहिली.

पद्मनाभने चित्रं सुरू केली. अक्का पडद्यावर आली. रंग अगदी जिथल्या तिथे, कुडीतला खडासुद्धा. भावजींनी नकळत टोपी काढून मांडीवर ठेवली. अक्का हसली, हात वर गेला, पदर खांद्यावर आला, आणि ओठ हलू लागले.

"आवाज स्वल्प मोठा कर रे," भावजी म्हणाले.

चित्रं संपली. भावजी आणखी पुढे सरकले, कान पडद्याजवळ नेला. म्हणाले, परत लाव, मला अलीकडे कमीच ऐकू येतं.

तेव्हा मात्र पद्मनाभला राहवलं नाही. त्याने सगळं सांगितलं. टेप थांबवून ठेवल्याचं, गुंतल्याचं, कापल्याचं. आवाज घेतलाच नव्हता हेही. सांगताना तो भावजींकडे बघत नव्हता, कीबोर्डकडे बघत होता.

भावजींनी मांडीवरची टोपी सारखी केली. मग त्यांनी विचारलं, "तू तरी ऐकलास काय?"

"नाही, भावजी."

"इतके दिवस समोर होती की तुझ्या."

त्यात राग नव्हता. असता तर पद्मनाभला सोपं गेलं असतं. त्याला अक्काच्या ओठांची कड ठिपक्या-ठिपक्याने पाठ होती. ती काय म्हणतेय हे एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं. दाराशी सुचेता डोळे पुसत होती.

"हळू लावता येतं काय?" भावजींनी विचारलं.

तेवढं येत होतं. पद्मनाभने एकेक चित्र पुढे न्यायला सुरुवात केली. भावजींनी चष्मा पुसून पुन्हा लावला. अक्काचे ओठ उघडले, मिटले, किंचित हसले. तिच्याबरोबर भावजींचेही ओठ हलू लागले. काही जुळत नव्हतं. जाईही नाही, मोगराही नाही. त्यांनी तीनचारदा परत मागे न्यायला लावलं. मग एका जागी त्यांनी हात वर केला.

अक्काचे ओठ गोल झाले होते. भावजींनी आपलेही ओठ तसेच गोल केले, आणि अगदी हळू स्वतःचं नाव म्हणून पाहिलं.

"हे माझं," ते म्हणाले. "इथं मी आहे. थांबव."

पद्मनाभने ते चित्र ओळखलं. कुंकू, खडा, गजरा, काठ सगळं एकदम दिसतं म्हणून त्याने सगळ्यात जास्त वेळ टेप थांबवली होती ती इथेच.

त्याने चित्र थांबवलं. भावजी मांडीवरच्या टोपीवर दोन्ही हात ठेवून, साठीशांतीला पाटावर बसले होते तसे ताठ बसून राहिले. पद्मनाभही बसून राहिला. आता घासलं जाईल असं त्यात काही नव्हतं. हवा तितका वेळ थांबवता येत होतं.