टक् वाजली अन् फसली

अवं, थांब नं, ऐक तं! आत्ता दिग्रसले काय झालं ते सांगतल्याबिगर मले चैन पडणार नाही. मी जीनची थैली बोलून राह्यली. निळी, आतून एक बटनवाला खिसा.

पह्यले मी नागपूरच्या एका पोरीची पँट होती बरं! मॉल, मेट्रो, मोमोज, सगळं पाह्यलं. गुडघ्यावर फाटली तेव्हा वाटलं, चला, आता फॅशन झाली. पण पोरीच्या मम्मीनं सरळ जुन्या कपड्यांच्या गोणीत कोंबली. गोणी आली दिग्रसले, बायांच्या शिवणगटात. तिथं जुन्या कपड्यांच्या थैल्या शिवतात, अन् त्या थेट परदेशात जातात.

मले शिवलं मानीबाईनं. बंजाऱ्यांच्या तांड्यावरची, साठीची. दोन वर्षं गटात नुसते कपडे धुतले तिनं, बटनं तोडली. मंग कुठं मशीनवर बसायले भेटलं. आम्ही तिच्या पह्यल्या बारा थैल्या. पास झालो तं मशीन कायमची तिची.

थैलीले इंग्रजी चिठ्ठी असते. गटाची अध्यक्ष वैष्णवी, तिनं वाचून सांगतली होती. "मावशी, याच्यात लिहून आहे, हरेक थैली वेगळी, हरेकीत शिवणाऱ्या बाईची खूण."

"मंग खूण कुठी हाय?"

"अवं, ते असंच लिहितात."

मानीबाईले 'असंच' समजलं नाही. तिनं घरून बारा कवड्या आणल्या अन् हरेक खिशात दोऱ्यानं एकेक टांगली. "माही याडी रिकामी थैली कोणाले देत नव्हती," म्हणे. याडी म्हणजे आई. शेजारच्या मशीनवरची हलीमा हासली, "मौसी, गोरे लोक खाऊ समजून चावतीन, दात पडतीन!"

आज कंपनीची मॅडम तपासायले आली. शिलाई ओढली, पट्टे मोजले. खिसे उघडलेच नाही! अकरा पास. मी बारावी, मलेही 'ओके' म्हणून टेबलावर ठेवलं.

गप पडून राह्यची होती नं मी! काहून सरकली? मस्ती, दुसरं काय. वाटलं, मॅडमले दिसू दे मी किती भारी आहो. सरकली, अन् फरशीवर पडली. टक्!

"आत काय आहे?"

झालं. बाराही खिसे उघडले.

"हे चालणार नाही. सगळ्या थैल्या सारख्या पाहिजेत. ज्यांना जमत नाही त्यांना मशीनवर कशाला बसवता?"

"पन चिठ्ठीत तं..." मानीबाई वैष्णवीकडे पाहून राह्यली. वैष्णवीनं खाली पाह्यलं अन् कैची पुढं केली. "काप नं मावशी. सगळ्याइची ऑर्डर अडकली."

मानीबाईनं अकरा कवड्या कापल्या. शिलाईचा एक टाका उसवू देला नाही. त्या थैल्या चिठ्ठी लावून खोक्यात गेल्या. मी फरशीवर मळली, म्हणून बाद. अन् मानीबाई उद्यापासून पुन्हा बटनं तोडणार.

आता मी तिच्याच खांद्यावर आहो, तांड्याच्या रस्त्यानं. आत अकरा सुट्या कवड्या अन् एक टांगलेली. ती चालली का वाजतात. तिले वाटते मी हवेनं पडली. माह्यावर रागावलीही नाही, उलटं मातीच झटकली माही.

मी चूप राह्यली असती तं मशीन तिची असती. अन् बारा कवड्या कुठल्या तरी लांबच्या घरी कोणाच्या बोटाले लागल्या असत्या.

खरं सांग नं, तू त्या टेबलावर असती, तं चूप पडून राह्यली असती का?